दुसऱ्या भागातली राजकन्या

माझ्या सासूबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचे दिवस होते तेव्हा. कानाला हेडफोन लावून समोरच्या बोर्डावर या गावाची तार त्या गावाला जोडून द्यायची, हे त्यांचं काम. पुढे लोक घरबसल्या एसटीडी लावायला लागले, मग कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, मग मोबाइल आले. बोर्ड बंद झाला. शेवटची काही वर्षं बिलांच्या खिडकीत बसून त्या निवृत्त झाल्या. बोर्ड गेला, पण आवाज तसाच राहिला. शब्द सुटा, शेवटचं अक्षर पूर्ण, आणि कुठेही घाई नाही. घरचा फोन त्या उचलायच्या तेव्हा समोरचा माणूस आपोआप नीट बोलायला लागायचा.

मी वर्ध्याची. इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला आले, येरवड्याच्या पुढे एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिथेच नवरा भेटला. लग्नानंतर कात्रजला त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. घरात आम्ही तिघं. पहाटे डेअरीच्या गाड्यांचा आवाज यायचा आणि संध्याकाळी प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने मोर ओरडायचे.

पहिल्याच आठवड्यात मी माझ्या आईशी फोनवर बोलत होते. काय चाललंय असं तिने विचारलं, तर मी आमच्याकडच्या सवयीने म्हटलं, भाजी चिरून राहिली. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "राहा नंतर. आधी चिरून घे." पुढे मला कळलं की हा विनोद होता. त्या दिवशी मात्र मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

त्यांना एकच नाद होता, राण्यांच्या कादंबऱ्यांचा. बसस्टॉपजवळच्या एका लायब्ररीत त्यांचं खातं होतं आणि तिथल्या काकांना त्यांची आवड पाठ झाली होती. नुसत्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांना फारशा चालत नसत. राणी हवी, राज्य कुठल्याही नकाशात नसलेलं हवं आणि थोडीफार जादू हवी. तलवार बोलते, नदी वाट देते, असलं काहीतरी. इतिहासाचे शिक्षक असलेले एक नातेवाईक एकदा घरी आले होते. पुस्तक उलटसुलट करून पाहून म्हणाले, वहिनी, यात एक अक्षर खरं नाही. सासूबाईंनी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि शांतपणे सांगितलं की खऱ्या इतिहासात बाई शोधायला गेलं की दोन ओळी मिळतात, त्यातली एक तिच्या लग्नाची आणि दुसरी सती जाण्याची. इथे निदान पाचशे पानं मिळतात.

मला या पुस्तकांचं काही विशेष नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये मी झोपायची, नाहीतर संगणकाची पुस्तकं वाचायची. सासूबाईंचं आणि माझं भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही फारसं झालं नाही. कुकरच्या शिट्ट्या, दूध, धोब्याकडचे कपडे, यांपलीकडे विषय जात नसे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात ते राहिलं नाही. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी त्यांनी मऊ भात केला, मेतकूट आणि तूप घालून वाटी माझ्यासमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक शब्द बोलल्या नाहीत. माझी आई फोनवर माझ्याबरोबर रडली होती. यांचे डोळे कोरडे. मला वाटलं, या बाईला काहीच वाटलं नाही. ते माझ्या मनात रुतून बसलं.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेले. तीन महिने पार पडले, चौथा गेला, आणि नवऱ्याला कंपनीने अमेरिकेला पाठवलं. त्या वेळी ऑनसाइट म्हटलं की घरात पेढे वाटायचे. तो गेला आणि काही दिवसांतच ऑफिसमध्ये मला अंगावरून जायला लागलं. एका मैत्रिणीने रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं की वार खूप खाली आहे, बाळ आत्ता ठीक आहे, पण आता बाळंत होईपर्यंत झोपून राहायचं. डाव्या कुशीवर. जिना नाही, ऑफिस नाही, लॅपटॉपही नाही.

नवरा फोनवर म्हणाला, मी परत येतो. सासूबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि त्याला सांगितलं की येऊन तू काय करणार, इथे बसून जी काळजी करशील तीच तिथे बसून कर, काम संपव आणि बाळंतपणाच्या वेळी ये. वर्ध्याला वडिलांना अर्धांगाचा झटका आलेला, त्यामुळे आईला निघता येत नव्हतं. म्हणजे आता घरात आम्ही दोघीच. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

माझा पलंग भिंतीला लावलेला होता. डाव्या कुशीवर वळलं की तोंड खिडकीकडे व्हायचं आणि खोली पाठीमागे राहायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची, एवढंच. पहिले काही दिवस मी त्या टाकीकडे बघत पडून राहिले. पोटात जरा काही हललं की घाबरायचं, आणि हललं नाही की जास्त घाबरायचं.

एका दुपारी पाठीमागे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. चष्म्याची डबी उघडली. आणि काही न विचारता, काही न सांगता, सासूबाईंनी वाचायला सुरुवात केली.

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा राज्यात एक मुलगी लग्न होऊन येते. गडावर पाऊल ठेवताना तोल जातो म्हणून ती भिंतीला हात टेकते, आणि तिला कुणीतरी बोलल्याचं ऐकू येतं. मागे बघते तर कुणी नाही. हळूहळू तिच्या लक्षात येतं की गडाच्या कुठल्याही दगडावर तळहात ठेवला की तिथे पूर्वी कुणी काय बोललं ते आपल्याला ऐकू येतं. तिच्या आधीच्या राण्या, त्यांच्या दासी, पहारेकरी, फितूर, सगळे.

"म्हणजे माझंच काम," मध्येच थांबून सासूबाई म्हणाल्या. "फक्त हिला पगार नव्हता."

मी हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

मग रोजच सुरू झालं. जेवण झालं, भांडी घासणाऱ्या मावशी गेल्या की खुर्ची सरकायची. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पुस्तकही दिसत नव्हतं, नुसता आवाज यायचा. त्या आवाजात अख्खा गड माझ्या खोलीत उभा राहायचा. राजाचं बोलणं त्या वेगळं काढत नसत, राणीचंही नाही, तरी कोण बोलतंय ते बरोबर कळायचं. मध्येमध्ये लेखकाला सुनावणं चालायचं. राणी घोड्यावर बसली आणि तिचा पदर वाऱ्यावर उडाला, असं आलं की त्या म्हणायच्या, लेखकाने काष्टा घातलेली बाई पाहिलेली नाही. मेजवानीत तांबड्या मिरचीचा रस्सा आला तेव्हा पुस्तक मिटून म्हणाल्या की त्या काळात मिरची आपल्याकडे आलीच नव्हती, जादूने आणली असेल तर तसं लिहायला हवं होतं.

मीही बोलायला लागले. राणीने त्या प्रधानावर विश्वास ठेवायला नको होता, असं मी म्हणायची. त्या म्हणायच्या, घरात नवीन आलेल्या माणसाला कुणावर तरी ठेवावाच लागतो. हे त्या कुणाबद्दल बोलताहेत याचा मी पाण्याच्या टाकीकडे बघत विचार करत राहायची.

कादंबरीचे तीन भाग होते. पहिला संपला आणि दुसऱ्यात राणीला दिवस गेले. सासूबाईंच्या आवाजात काही फरक पडला नाही. पुढची प्रकरणं त्यांनी नेहमीसारखीच वाचली. राणी गडाच्या भिंतीला हात लावून आधीच्या राण्यांच्या बाळंतपणाच्या गोष्टी ऐकते, त्यातल्या काही आनंदाच्या असतात आणि काही नसतात. मी चादर मुठीत धरून ऐकत होते.

ते प्रकरण आलं त्या दुपारची वाक्यं मला अजून आठवतात, कारण ती एरवीच्यापेक्षा वेगळी होती. हा लेखक चांदण्याला चार आणि दागिन्यांना दहा विशेषणं लावणारा. पण त्या दिवशी सासूबाई वाचत होत्या ते असं होतं: "मुलगी झाली. लगेच रडली. सुइणीने तिला कोमट पाण्याने पुसलं आणि मऊ कापडात गुंडाळलं. राणीने विचारलं, हातपाय नीट आहेत ना? सुईण म्हणाली, आहेत. गडाखाली निरोप गेला. दोघी सुखरूप."

मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला आणि त्या चहा टाकायला गेल्या. मी पोटावर हात ठेवून पडून राहिले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला वाटलं की होईल, सगळं नीट होईल. एका खोट्या राणीची खोटी मुलगी जगली म्हणून असं वाटणं वेडेपणाचं होतं, पण वाटलं खरं.

ती राजकन्या पुढे मला फार आवडायला लागली. राणीपेक्षाही जास्त. तिने एक घोरपड पाळली होती. भर सदरेत ती प्रधानाला विचारायची, तुम्ही एवढं हळू बोलता ते शहाणे आहात म्हणून की उत्तर माहीत नाही म्हणून? तिचं बोलणं अगदी पुणेरी होतं. बोरं चोरताना पकडली गेली तर म्हणायची, राज्य आमचं, झाड आमचं, मग चोरी कुणाची? एक गोष्ट मात्र होती. लढाई सुरू झाली, गडाला वेढा पडला, की राजकन्या हमखास आजोळी गेलेली असायची. मी एकदा विचारलं की चारी बाजूंनी वेढा पडलेला असताना ही आजोळी जाते कशी?

"चोरवाटेने," त्या म्हणाल्या. "गडाला चोरवाट असतेच."

दुसरा भाग संपला तेव्हा तिसरा लायब्ररीत नव्हता. एका बाईंनी नेला होता आणि त्या तो परतच करत नव्हत्या. सासूबाईंनी लायब्ररीवाल्या काकांकडून त्यांचा फोन नंबर मिळवला आणि माझ्यासमोर फोन लावला. फक्त म्हणाल्या की नमस्कार, तुमच्याकडे अमुक पुस्तक आहे, आमच्याकडे एक पेशंट आहे, ती वाट बघतेय. त्याच संध्याकाळी त्या बाई स्वतः पुस्तक घेऊन आमच्या दारात. जाताना मला बघून गेल्या आणि म्हणाल्या, शेवट फार सुंदर आहे, पण जिवाला लागतो. सासूबाईंनी त्यांना जवळजवळ हात धरून दारापर्यंत पोचवलं.

तिसऱ्या भागात राजकन्या मोठी होते, आईसारखीच दगडावर हात ठेवून ऐकायला शिकते, आणि शेवटच्या लढाईच्या वेळी अर्थातच आजोळी असते. जिवाला लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला वाटलं, त्या बाई जरा जास्तच हळव्या असतील.

नवरा ठरल्यापेक्षा लवकर आला. आला त्याच आठवड्यात पुन्हा रक्तस्राव झाला आणि डॉक्टरीणबाईंनी सिझेरियन करायचं ठरवलं. मुलगी झाली. लहानखुरी, पण धडधाकट. मी शुद्धीवर आले तेव्हा नवऱ्याने सांगितलं की सासूबाईंनी वर्ध्याला फोन लावला होता. "दोघी सुखरूप," एवढं म्हणाल्या आणि फोन त्याच्या हातात देऊन पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. पुढचं त्यालाच बोलावं लागलं. त्याला त्याचं नवल वाटलं होतं. फोनवर अडलेली आई त्याने कधी पाहिली नव्हती.

रजा संपली, मी परत कंपनीत जायला लागले. मुलगी आजीजवळ राहायची. बसमध्ये मला झोप येईना, सारखा घरचा विचार. वाटलं, तीच कादंबरी पुन्हा वाचावी. लायब्ररीतून मी दुसरा भाग घेतला, कारण राजकन्या त्यातच जन्माला येते.

सकाळची बस येरवड्याच्या सिग्नलला अडकली होती. मी ते प्रकरण काढलं. सुईण होती, कोमट पाणी होतं, मऊ कापड होतं. मुलगीही होती. पण ती रडत नाही. राणी विचारते, ही रडत का नाही? कुणीच उत्तर देत नाही. राणी भिंतीवर तळहात टेकते, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच भिंत गप्प असते.

मी पुढची पानं चाळली. मग घाईघाईने आणखी पुढची. घोरपड नव्हती. बोरं नव्हती. प्रधानाला कुणी काही विचारत नव्हतं. त्या रात्रीनंतर राणी मूल नसलेली राणी होते, तिसऱ्या भागातलं सगळं युद्ध त्याच दुःखातून सुरू होतं, हे मी पुढे वाचून पाहिलं. सासूबाईंनी एक मूल वाचवलं आणि मग शेकडो पानं त्या मुलीला कुठे ना कुठे ठेवत, खायला घालत, मोठी करत नेलं. समोर छापलेलं वेगळंच, आणि त्यातून वाट काढत बोलायचं, तेही एकदाही न अडखळता. लेखक जिथे ऐकेचना तिथे तिला आजोळी पाठवायचं. बसमध्ये शेजारच्या मुलीने मला विचारलं, काय झालं? मी रडतेय की हसतेय ते तिला कळत नव्हतं. मलाही नव्हतं.

शनिवारी सुट्टी होती. सासूबाई बाल्कनीत मेथी निवडत बसल्या होत्या, मुलगी सतरंजीवर पालथी पडून काड्या धरू बघत होती. मी जवळ जाऊन बसले, एक जुडी हातात घेतली आणि म्हटलं, "आई, ती राजकन्या पुस्तकात नाहीये."

त्यांनी मान वर केली नाही. "छपाईत राहिली असेल," म्हणाल्या.

आम्ही निवडत राहिलो. बऱ्याच वेळाने त्या आपण होऊन बोलायला लागल्या, नजर मेथीवरच. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना मुलगी झाली होती. एक दिवस जगली. तेव्हा घरात कुणी त्याविषयी बोललं नाही. सासूने नाही, नवऱ्यानेही नाही. न बोलणं म्हणजेच सांभाळणं, असं सगळे समजत. थोड्या दिवसांत त्या बोर्डावर परत गेल्या. तिथे रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी बाळ व्हायचं. कॉल नीट लागला की नाही हे ऐकायला त्यांना लाइनवर थांबावं लागे, आणि कानात तेच शब्द यायचे. मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्यांनी तार सोडायची आणि पुढचा कॉल घ्यायचा.

"तुझं पहिलं गेलं तेव्हा मला काय बोलायचं तेच कळलं नाही," त्या म्हणाल्या. "मला कुणी काही बोललेलं नव्हतं ना. मग मी भात करत राहिले."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना मेथीचा ओला वास होता. त्यांनी हात तसाच राहू दिला, आणि मग म्हणाल्या की देठं जाड ठेवू नकोस, तुझ्या नवऱ्याच्या दातात अडकतात.

नवऱ्याला हे माहीत नव्हतं. मी त्यांना विचारलं की मी सांगू का. त्यांनी नको म्हटलं. मला वाटलं, विषय पुन्हा बंद झाला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना, त्याला आमटी वाढता वाढता, बिलांच्या खिडकीतून सांगावं इतक्या साध्या सुरात त्या म्हणाल्या, "तुला एक मोठी बहीण होती."

त्याचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तो एरवी प्रश्नावर प्रश्न विचारणारा माणूस, पण त्याने कधी, कुठे, काय झालं होतं, यातलं काहीच विचारलं नाही. ताट थोडं बाजूला सारलं आणि विचारलं, "दिसायला कशी होती?"

सासूबाई पळी भांड्यात ठेवून त्याच्या शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा, कारण उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला.

"केस भरपूर होते," त्या म्हणाल्या. "आणि कान तुझ्यासारखे. मोठे."

त्याने नकळत डाव्या हाताने आपला कान चाचपला. त्यांनी ते पाहिलं आणि त्या हसल्या. मग त्या आणखी सांगत गेल्या. बाळाची मूठ कशी घट्ट होती, कपाळावर कुठे लाल डाग होता, तिला कुठल्या रंगाच्या दुपट्यात गुंडाळलं होतं. कुठेही न थांबता, शेवटचं अक्षर पूर्ण करत. आम्ही दोघं ऐकत बसलो, आणि ताटातली आमटी गार होत गेली तरी त्या दिवशी त्यांनी कुणालाही जेवा म्हटलं नाही.